चिमूटभर कोबाल्ट आणि मूठभर मामा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (राग वेगळा, नमस्कार वेगळा, दोन्ही मनापासून आहेत.) आपली तब्येत ठणठणीत असणारच, कारण दुसऱ्याचं वाटोळं करून आलं की झोप छान लागते म्हणतात. मामींचा गुडघा कसा आहे? इकडे आईची नजर आणखी अधू झाली आहे. पांढऱ्या टेबलावरचा पांढरा कप ती चाचपडत शोधते, हात लागून चहा सांडतो, म्हणून कप मीच तिच्या हातात देतो. आणि जन्मभर सगळ्यांना चहा देत आलेल्या बाईला याचा किती संताप येतो, ते आपण भाऊ म्हणून जाणताच. बाकी क्षेम, असं लिहिणार होतो, पण हात धजत नाही.

पत्रास कारण आपणच. आपण राहायला आलात, माझ्या कपबश्यांच्या कारखान्यात (म्हणजे मागच्या खोलीत: एक चाक, एक भट्टी आणि मी) खुर्ची टाकून बसलात, इथवर तक्रार नाही. ‘कोबाल्ट’ या नावाची कथा ऐकवलीत, तीही ऐकली. जर्मन खाणकामगारांना चांदीचा वाटावा असा दगड सापडायचा, तापवला की चांदी नाहीच, वर विषारी धूर; मग ते म्हणायचे, खाणीतल्या खोडकर भुतानं चांदी चोरून हा दगड ठेवलाय, आणि पुढे त्या भुताचंच नाव धातूला पडलं. फार रंगवून सांगितलंत. पण मामा, सांगताना आपण ज्या बरणीवर कोपर टेकलं होतं, तिच्यात कोबाल्टच होता! कोबाल्ट कार्बोनेट. भुकटी गुलाबी-जांभळट दिसते, भट्टीत भाजली की निळी होते. नाव, गाव, कूळ सगळं तोंडपाठ, आणि स्वारी समोर बसली तर ओळख नाही!

बरं, ओळखलं नाहीत तर नाहीत, हात कशाला लावायचा? मी जेवायला गेलो तेवढ्यात कपांना भाजण्याआधी द्यायच्या पांढऱ्या झिलईच्या बादलीत आपण त्या बरणीतली मूठ रिकामी केलीत. का, तर पांढरे कप दवाखान्यासारखे दिसतात, जरा गुलाबी झाक आली तर ताईला आवडेल! (हे आपणच बसमध्ये चढता चढता मोठ्या अभिमानानं सांगितलंत, तोवर भट्टी पेटली होती.) त्याची चिमूट पुरते हो मामा, चिमूट! मला बादली किंचित गुलाबी दिसली होती, पण वाटलं चष्मा पुसायला झालाय.

भट्टी उघडली तर सगळे कप गर्द निळे. हॉटेलवाल्या बाईंना शुभ्र हवे होते. त्या माझ्याकडून घ्यायला मुळातच कुरकुरत होत्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. एक कप उचलला, माझ्याकडे पाहिलं, खाली ठेवला आणि गेल्या. माझी पहिली मोठी ऑर्डर त्यांच्याबरोबर गेली. यापुढे इथे यायचं तर दोन्ही हात पाठीमागे बांधून या. खाणीतलं भूत परवडलं, ते निदान राहायला तरी येत नव्हतं.

आपला (नाइलाजानं) भाचा

ता.क. मामींना नमस्कार. त्यांची काहीच चूक नाही. लग्न ठरताना त्यांना कोण सांगणार होतं?

आणखी ता.क. काल सकाळी निळ्या कपात चहा ओतून (फेकवेनात म्हणून वापरतो) टेबलावर ठेवला आणि साखर घ्यायला वळलो. परत बघतो तर कप आईच्या हातात. चाचपडणं नाही, सांडणं नाही. “हा दिसतो रे मला,” म्हणाली, आणि इतके दिवस पांढरे कप कसले करत बसला होतास म्हणून मलाच झापलं. मला रडू आलं. तेही आपल्यामुळेच.

शेवटचं ता.क. आता तिला बशी, वाटी, ताटली सगळं त्याच निळ्यात हवंय. मी मापून कोबाल्ट घातला तर फिका आला, तो तिला दिसत नाही. माझी मूठ घातली तर पार काळा आला. किती घातला होतात ते लगेच कळवा. आठवत नसेल तर निघून या. हात बांधून यायचं वर लिहिलंय, त्यात दुरुस्ती: उजवा मोकळा ठेवा.