तुराट्यांचे भाले

गुरुजी,

गेली कित्येक वर्षं मी तुमच्यावर भाषण करते आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. मी आता ज्या विद्यापीठात शिकवते, तिथे दर हिवाळ्यात एक दिवस निरनिराळ्या राज्यांतली मुलं आपापल्या जेवणाचे स्टॉल मांडतात आणि संध्याकाळी आपापले नाच-गाणी करतात. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. सुरुवातीला मी तुमची गोष्ट सांगते. लोक पोट धरून हसतात, शेवटी डोळे पुसतात, टाळ्या पडतात. कालही पडल्या. पण त्या गोष्टीचा शेवट मी मनाने जोडलेला आहे, आणि कालपासून तो माझ्याच घशाखाली उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी सातवीत होते. गॅदरिंगला तुम्ही सगळ्या राज्यांचे नाच बसवले होते आणि आमच्या वाट्याला नागालँड आलं. बारदानाचे घागरे, डोक्याला कोंबड्याची पिसं, गालांवर कोळशाचे पट्टे. तुरीची रास नुकतीच झालेली, त्यामुळे गावात तुरीच्या वाळक्या काड्यांना, तुराट्यांना, तोटा नव्हता; त्यांचेच भाले. अजून दिसतं मला, शाळेच्या ओट्यावर बसून, चष्मा नाकावर आणून तुम्ही एकेका तुराटीला टोक काढता आहात. गाण्याला शब्द नव्हतेच, ‘हो हो हुर्र’ असं काहीतरी तुम्हीच रचलेलं. तालमीत मला हसू फुटलं, तशी तुम्ही छडी टेबलावर आपटलीत. "हसून काहून राहिली गं? दुसऱ्याचा नाच हाय त्यो. ती माणसं समोर बसून पाहून राहिली असं समजायचं, अन् मंग पाय उचलायचा." मला वर्गाबाहेर उभं केलंत. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी अंगत-पंगत होती. आम्हा बौद्धवाड्यातल्या पोरींचे डबे नेहमी कडेला उघडायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी आम्ही तिथेच बसायचो. तुम्ही देवळाच्या पुजाऱ्याच्या घरातले. सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर मांडी घातलीत आणि माझ्या डब्यातली भाकर मोडलीत. "ठेचा मायनं केला का? नुसता जाळ हाय," म्हणालात आणि नाक पुसत दुसरी भाकरही घेतलीत. घरी येऊन मी हे सांगितलं तर आईने रिकामा डबा दोनदा उघडून पाहिला.

पुढे विद्यापीठात शिकायला गेले आणि वसतिगृहात माझ्या खोलीत नागालँडची मुलगी राहायला आली. मला कोण आनंद झाला! तिच्याकडचा नाच मला येतो, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नाही. डिसेंबरात असाच एक दिवस होता, तेव्हा तिला चकित करायचं होतं. गावाहून एसटीत तुराट्यांची मोळी घेऊन आले, कंडक्टर म्हणाला, "काय ताई, शहरात चूल पेटवता का?" त्या दिवशी तिने बांबूच्या कोंबांत शिजवलेलं मांस आणि चिकट भात असा स्टॉल मांडला होता, आणि माझा नाच पाहायला ती हातातलं काम टाकून पहिल्या रांगेत येऊन बसली. मी आणि वर्गातल्या तिघी बारदान नेसून, तोंडाला काळं फासून नाचलो. सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं. ती मात्र मध्येच उठून गेली. मी तशीच, रंग न पुसता, तिच्या स्टॉलवर धावले. तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हम लोग ऐसे दिखते हैं तुमको?" मग झाकून ठेवलेली एक थाळी माझ्याकडे सरकवली. "खा लो. तुम्हारे लिए रखा था." मी रडत रडत खाल्लं. चव काही आठवत नाही.

नाच मी केला होता, तिला सोडून ज्याला त्याला सांगत मीच फिरले होते. पण ते कबूल करायला जीभ वळेना, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायला तुम्ही होतातच. नाताळच्या सुट्टीत गावाजवळच्या गोरेगावहून जीपने आले ती थेट शाळेत. गॅदरिंगची तालीम चालली होती, पोरांच्या हातात तेच भाले.

"गुर्जी, हे समदं खोटं हाय. तुमी नागालँडला कधी गेलते का?"

पोरं नाचता नाचता थांबली. तुम्ही म्हणालात, "न्हाई बाई. मी परभणीपस्तोर गेलेला माणूस. सव्वीस जानेवारीला सरपंचाच्या टीव्हीवर पाहिलं जरासं, अन् एक कॅलेंडर व्हतं."

"माझ्या खोलीतली पोरगी तिकडचीच हाय. ती उठून गेली. तुमच्यापायी माझी शोभा झाली चारचौघांत."

तुम्ही चष्मा काढलात. राग नव्हता तुमच्या चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं. "मंग बराबर कसं असतंय ते सांग की. आपण तसं बसवू. मलाबी शिकव."

सहा महिने शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलीला मी एकदाही विचारलं नव्हतं की तिच्याकडे कसं नाचतात, कशासाठी नाचतात. "मला न्हाई माहीत," म्हणून मी तरातरा निघाले. मागे तुम्ही पोरांना भाले ठेवून द्यायला सांगत होतात. त्यानंतर तुम्ही नाच बसवणंच सोडलं, हे मला आईकडून कळलं. गॅदरिंगला प्रार्थना आणि भाषणं तेवढी उरली. परभणीच्या पलीकडे न गेलेल्या एका माणसाने आमच्या पोरांसाठी देश उभा करायचा प्रयत्न केला होता, आणि तो मी एका वाक्यात मोडला, गुरुजी.

भाषणात मात्र मी परत येते. मैत्रिणीला घेऊन गावी येते, तुमची माफी मागते, आणि ती तुम्हाला शाळेच्या अंगणात खऱ्या नाचाची पावलं शिकवते. तुम्ही चुकता, पोरं हसतात, मग सगळे मिळून जेवतात. काल हे ऐकून नागालँडचीच एक मुलगी मंचामागे आली. "मॅम, आपके सर से मिलना है. हम लोग गाँव आएँगे." मी म्हणाले, "ज़रूर. गाँव में ही रहते हैं."

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमचं घर आहे, मुलगा आहे, पत्ता मला पाठ आहे. पण हे पाकीट गेलं तर तो वाचेल, आणि खरं काय ते त्याला माहीत आहे. म्हणून टाकणार नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी आईचा फोन आला होता. "गुर्जी गेले गं. मातीला येतीस ना? लई पोरं येऊन राहिलीत त्यायची." मी म्हणाले, परीक्षेची ड्युटी आहे, सुट्टी मिळणार नाही. ड्युटी नव्हती, गुरुजी. मी खोलीवरच होते.