आठ फुटांवरची महाराणी

८ जून, सकाळ
आर्डिसशी पैज लावली. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीपर्यंत मी पाच पौंडांचा बास मासा धरला, तर म्हातारपण इथेच, मिनेसोटात, तळ्याकाठी. नाही धरला तर बोट विकायची आणि तिच्या बहिणीच्या शेजारी राहायला अ‍ॅरिझोनात जायचं. वाळवंटात! बायको हरणार, याचं जरा वाईट वाटतं.
बोटीला ध्वनिलहरींनी मासे शोधणारं नवं सोनार यंत्र बसवलं. पाणगवतात दडलेला मासासुद्धा स्क्रीनवर दिसतो. धरलेले मासे जिवंत राहावेत म्हणून बोटीमागे दोरीने तारेची टोपली सोडून ठेवली. पहिला मासा धरला की वर काढीन.

९ जून
स्क्रीनवर दिसली! बरोबर बोटीखाली, आठ फुटांवर. जाडजूड, शांत. नाव ठेवलं महाराणी. गळाला आमिष म्हणून रबरी बेडूक लावून नाचवला. ढुंकून पाहिलं नाही. खानदानी दिसते.

१७ जून
महाराणीला माझा लळा लागलाय. बोट जोरात नेली की वर येते, थांबवली की खाली जाते. शेजारच्या ओरिनला सांगितलं. म्हणे, अरे, मासा आहे की कुत्रा? ओरिनकडे यंत्र नाही. जळतो.

२ जुलै
आज जांभळी रबरी अळी, चमचमती पाती आणि पुन्हा बेडूक. मिळालं ते पाणगवत. भरपूर.
आर्डिसने धक्क्यावर खुर्ची टाकून, गळाला गांडूळ लावून, दोन बास काढले. लहानच होते. जेवणात तळून खाल्ले. चव बरी होती, पण पद्धत अगदीच गावठी.

२५ जुलै
बोट जड चालते. उथळ पाण्यात तर अडकतेच. दुकानदाराला फोन करून झापलं, मोटार कमजोर दिलीत म्हणून. तो म्हणाला, साहेब, मागे काही ओढलं जातंय का बघा. यांना नुसतं विकता येतं.

१४ ऑगस्ट
आर्डिसने विचारलं, इथून हलायचंच नाही का रे तुला? म्हटलं, याच तळ्यात वडिलांनी मला पोहायला शिकवलं. ती म्हणाली, आणि याच थंडीत माझे गुडघे धरतात, तेही तुझ्या यंत्रात दिसतात का बघ.
फार वाईट वाटलं. दहा मिनिटं तरी. मग बाहेर पाहिलं तर आभाळ छान भरून आलेलं, म्हणजे मासे गळाला लागायची वेळ. गेलो.

७ सप्टेंबर, लेबर डे, सकाळी ६
महाराणी जागेवर. ओरिनला साक्षीदार म्हणून बोटीत घेतोय.

दुपार
ओरिन बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग उठून मागे गेला आणि दोरी ओढू लागला. स्क्रीनवर महाराणी वर येऊ लागली! मी ओरडलो, जाळं घे, जाळं!
टोपली वर आली. आत पाणगवत. स्क्रीन रिकामी.
ओरिनने विचारलं, तीन महिन्यांत एकदाही वर काढली नाहीस ही?
काढायची वेळच आली नव्हती.

संध्याकाळ
आर्डिस हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. गॅरेजमधून खोकी आणली. जूनमध्येच आणून ठेवली होती म्हणे. मी पहिल्या खोक्यात यंत्र ठेवलं. तिने नुसतं पाहिलं. मग मी यंत्र काढून तिची गुडघे शेकायची पिशवी ठेवली. पिशवी तिने बाहेर काढली. म्हणाली, तिकडे नाही लागायची.
म्हणजे यंत्राला जागा झाली.