बद्द वाजणारा चेंडू

४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. इकडे भट्टी आणि तुझी आई दोन्ही तापलेल्या आहेत, म्हणजे सर्व क्षेम. भट्टी कामामुळे तापते, आई माझ्यामुळे.

मी क्लबात गोल्फ खेळायला लागल्याला आता दुसरं वर्ष. ज्या माणसाने उमेदवारी वाळू चाळण्यात काढली, त्याने म्हातारपणी हिरवळीवर पांढऱ्या चेंडूमागे चालावं, याची मला अजून गंमत वाटते. फाउंड्री दुपारपर्यंत तुझा चुलतभाऊ बघतो. मी गेलो की तो जास्त चांगली बघतो, असं कामगार म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो.

पण परवा जे ऐकलं ते मात्र लागलं. कपडे बदलायच्या खोलीत मी कपाटांच्या अलीकडे, आमचे डॉक्टर आणि वकील पलीकडे. भट्टीच्या घरघरीत लोखंडाचा तडा ओळखणारे माझे कान, त्यांना कुजबूज म्हणजे भाषणच. डॉक्टर म्हणत होते की फाउंड्रीवाल्याचं बघा, चेंडू राजाचा आणि फटका प्रजेचा. वकील इतके हसले की त्यांचा बूट हातातून पडला.

जगज्जेते खेळतात तोच चेंडू मी घेतो, हे खरं आहे. का घेऊ नये? आयुष्यभर दुय्यम हत्यारांनी काम केलं, आता अव्वल घेतो. तू चेंडूंच्या कारखान्यात एवढी मोठी इंजिनिअर. तेव्हा याच्याही वरचा एखादा चेंडू असेल तर कळव. डॉक्टरांचं तोंड बंद करायचं आहे.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझा,
बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. डॉक्टरांचं वाक्य वाचून मला हसू आलं, त्याची आधी माफी मागते. ते टोचून बोलले, पण खोटं बोलले नाहीत.

बाबा, याच्या वरचा चेंडू नाही. तुमच्या मापाचा मात्र आहे. जगज्जेत्यांचा चेंडू त्यांच्या फटक्यासाठी घडवलेला असतो. तुम्ही, डॉक्टर, वकील आणि जगातले बहुतेक खेळाडू यांना आम्ही कारखान्यात 'मधले' म्हणतो. रागावू नका. आम्हाला पगार मधल्यांमुळेच मिळतो.

मधल्याने चेंडू कसा निवडावा ते सांगते. तुम्ही सगळे आधी विचारता, लांब किती जातो. ते शेवटी विचारायचं. आधी बघायचं, होलभोवतीच्या हिरवळीवर पडल्यावर तो थांबतो का. मग बघायचं, पहिल्या जोरदार फटक्यात तो वाकडा किती पळतो. आणि एकदा निवडला की अथपासून इतिपर्यंत तोच चेंडू. तळं आलं की तुम्ही खिशातून जुना, खरचटलेला चेंडू काढता, हे आईने कळवलं आहे. तो दर वेळी बुडतो, हेही कळवलं आहे.

सोबत सहा चेंडू पाठवते. तीनांवर लाल ठिपका, तीनांवर निळा. दोन्ही आमच्याच कारखान्याचे, मधल्यांसाठी केलेले, पण घडण वेगळी. यातला एकच बाजारात जाणार आणि ते पुढच्या महिन्यात ठरणार. मी साहेबांना सांगून बसले आहे की माझ्या वडिलांचा कान आणि शब्द दोन्ही पक्के. तेव्हा दोन्ही चेंडू पुरेपूर खेळून बघा आणि भीड न ठेवता कळवा. कुठला कुणी केला ते मुद्दाम सांगत नाही.

गुडघ्याला पट्टा बांधता ना? लोभ असावा आणि राग असलाच तर तोही पत्रात यावा, मनात राहू नये.

आपली,
ठिणगी


२० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. मला 'मधला' म्हणालीस, ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला इतका आनंद झाला की तिने ते परत वाचायला लावलं.

चेंडू पोचले. तुला महिना लागणार असेल, मला मिनिट पुरलं. ऑफिसातल्या टेबलावर माझा पहिल्या ओतकामाचा ठोकळा आहे ना, त्यावर एकेक टाकून बघितला. निळा काय वाजतो, वा! टण्ण! एकदम खणखणीत, पोटात कुठे खोट नाही. लाल मात्र बद्द. तिन्ही लाल बद्द. मला डोळे बांधून उभं केलंस तरी सांगेन, आत तडा आहे, नाहीतर माल कच्चा आहे. आमच्याकडे असला माल गाडीत चढत नाही, परत भट्टीत जातो.

साहेबांना बेलाशक सांग की निळा घ्या. आणि तो लाल ज्याने केला असेल त्याला माझ्यातर्फे प्रेमाने सांग, बाबा रे, अजून वय आहे, दुसरा धंदा बघ.

तुझ्या साहेबांपुढे माझ्या कानाची साक्ष निघते, हे चुलतभावाला सांगितलं. त्याने ते सगळ्या फाउंड्रीभर केलं. मी अडवलं नाही.

लोभाचा साचा तोच आहे, त्यातून रोज नवा निघतो.

तुझा,
बाबा

ता. क. ठिणगे, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. सहाच्या सहा चेंडू ऑफिसच्या टेबलावरून हललेले नाहीत. खेळायला अजून जगज्जेत्यांचाच जातो. ह्यांना विचारलं तर म्हणतात, वाजवून कळलं, आता खेळून काय वेगळं कळणार. — आई


२ मार्च

ती. बाबांस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला.

लाल चेंडू मी केला आहे.

निळाही तसा माझाच. आतला गाभा एकच. पण आमच्या विक्रीवाल्यांना लाल चेंडूचा आवाज पसंत नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी वर कडक कवच चढवून निळा केला. लाल जसा आहे तसा करायला मला दोन वर्षं लागली. इतका मऊ गाभा आणि त्यावर इतकं पातळ, मऊ कवच एकत्र टिकत नव्हतं, सारखं फाटत होतं. टिकलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले होते. पुढच्या पत्रात तुम्हाला सांगणार होते.

तुम्ही खेळला नाहीत याचा राग आला होता, आता नाही. विक्रीवाले म्हणतात की दुकानात गिऱ्हाईक चेंडू खेळून बघत नाही, फरशीवर आपटून बघतं. तुम्ही तेच केलंत. तेव्हा तुमचं मत बाजाराचं मत. आणि बद्द म्हणजे तडा, हे मी तुमच्याच कडेवर बसून शिकले. तुमच्या हातोडीचा आवाज ऐकून कुठला माल पास आणि कुठला नापास, हे मला शाळेत जायच्या आधी कळत होतं. तो कान माझ्या चेंडूला नापास म्हणतो, तर मी कुणाच्या जोरावर भांडू?

बावीस तारखेला बैठक आहे. निळ्याला संमती देणार आहे. काम चांगलंच आहे, वाईट वाटून घेऊ नका.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्यावा.

आपली,
ठिणगी


१५ मार्च

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. संमती देऊ नकोस. हे वाक्य आधी लिहिलं, आता बाकीचं लिहितो.

तुझं पत्र आईने वाचलं आणि उठली. माझ्या बॅगेतले आणि खिशातले सगळे चेंडू काढले, त्यात तुझे तीन लाल ठेवले, बॅग दाराशी आणून उभी केली. ती भांडते तेव्हा मला तोंड देता येतं. याला काय तोंड देणार?

खेळलो. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी निळा, तिसऱ्या दिवशी जगज्जेत्यांचा, मग पुन्हा लाल. तू सांगितलंस तसंच, हिरवळीपासून उलटं बघत गेलो. जगज्जेत्यांचा चेंडू हिरवळीवर पडला की थांबतो, पण पहिल्या फटक्यात उजवीकडच्या झाडीत असा पळतो, जशी तिथे त्याची सासुरवाडी आहे. निळा झाडीत कमी जातो, पण हिरवळीवर थांबतच नाही, घरंगळत पलीकडे उतरतो. तुझा लाल उजवीकडे झुकला, पण झाडीच्या अलीकडे गवतात बसून राहिला, आणि हिरवळीवर पडला तो पाहुण्यासारखा, दोन पावलं पुढे येऊन थांबला. लांब कुणीच फार जात नाही. लांब जाणं चेंडूच्या हातात नाही, ते माझ्या खांद्यांचं काम आणि खांदे मधले आहेत.

तळ्यापाशी खिशात हात घातला तर जुना चेंडू नव्हताच. लाल तसाच मारला आणि बुडवला. परत खेळलो त्या दिवशी मात्र पलीकडे गेला. जुना चेंडू काढायचो तेव्हा मी तळ्याला आधीच सांगत असायचो, हा घे, तुझा.

पण मला खरं कळलं ते वाळूच्या खड्ड्यात. फटका मारून झाला, मागची वाळू सारखी करायला वाकलो आणि जुन्या सवयीने मूठभर उचलून दाबली. त्या वाळूत काही दम नव्हता, मूठ उघडली तर भुरभुरली. आणि मी तिथेच उभा राहिलो. मागचे लोक ओरडायला लागले तरी उभा.

ठिणगे, साच्याची वाळू आपण कशी बघतो? मुठीत दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे धरले, मोडली तर स्वच्छ मोडली, तर वाळू चांगली. उभ्या जन्मात मी वाळू वाजवून घेतली नाही. लोखंड वाजवायचं, कारण त्याने हटायचं नसतं. वाळूने हात मानायचा असतो. आणि तुझा चेंडू माझ्यासारख्याचा हात मानतो. मी वाळूला हातोडी मारली आणि म्हणालो, बद्द वाजते. चाळीस वर्षं दोन्ही कामं हातात, आणि ऐन वेळी पारखच उलटी केली.

काल डॉक्टरांशी सामना होता. पहिल्याच फटक्याला चेंडूचा आवाज ऐकून ते थांबले आणि म्हणाले की तुमचा चेंडू फुटलेला दिसतो, राजा कुठे गेला? त्यांना वाटत होतं, कपाटापलीकडचं मला माहीत नाही. मी म्हणालो, "चेंडू प्रजेचा आहे, डॉक्टर. माझ्या मुलीने केलाय, आपल्यासारख्या मधल्यांसाठी."

इतकी वर्षं मला कुणी मधला म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. काल तो शब्द तोंडात असा आला, जशी पदवी लावतो आहे. डॉक्टर लाल झाले. आठव्या होलवर हळूच विचारलं की असा एखादा चेंडू त्यांना मिळेल का. दिला नाही. दोनच उरलेत.

सामना डॉक्टरांनी जिंकला, एका फटक्याने. हे मी लिहिलं नाही तर आई लिहील.

आता विक्रीवाल्यांचं. गिऱ्हाईक दुकानात आपटून बघणार, हे ते खरं बोलतात. मीच आपटला. मग गिऱ्हाइकाला आधीच सांगा की बाबा रे, हा वाजवायचा चेंडू नाही, खेळायचा आहे. आपण आपला माल बद्द म्हणून लपवत बसलो तर लोक तडाच समजणार. आपण होऊन सांगितलं तर गुण समजतील. फाउंड्री मी अशीच चालवली.

माझं आधीचं मत रद्द. साहेबांना सांग, कान पक्का आहे, लावला चुकीच्या ठिकाणी. आणि ज्याने लाल केला त्याला दुसरा धंदा बघायला सांगितलं होतं. त्याला सांग, हाच धंदा बघ, मान वर करून बघ.

तुझ्यावर लोभ तर आहेच. आता गर्वही आहे, तो आवरत नाही.

तुझा,
बाबा


२६ मार्च

ती. बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी मिळालं. बसथांब्यावर उभ्याने वाचलं आणि दोन बस सोडल्या.

बैठकीत विक्रीचे प्रमुख आधी बोलले. सवयीने त्यांनी लाल चेंडू टेबलावर आपटला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी तुमच्यासारखी. मी म्हणाले की संमती देत नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग मी विक्रीप्रमुखांना विचारलं की हा चेंडू तुम्ही खेळलात का. ते म्हणाले, खेळायची गरजच काय. मी म्हणाले, माझे वडीलही अस्संच म्हणाले होते. सगळे हसले, तेही हसले आणि हसल्यामुळे अडकले. रविवारी खेळून बघतो म्हणाले.

सोमवारी ते माझ्या खोलीत आले. खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं की लाल ठिपक्याचे अजून दोनतीन मिळतील का. त्यांचाही उजवीकडे पळतो, बाबा. तेही मधलेच आहेत, कुणाला सांगत नाहीत इतकंच.

लाल चेंडू जसा आहे तसा जातो आहे. आवाजाला कुणी हात लावायचा नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि डब्यावर काय लिहायचं यावर चर्चा चालली होती, तेव्हा मी तुमच्या पत्रातलं वाक्य थोडं आखूड करून दिलं. साहेबांनी विचारलं, हे कुणाचं? मी म्हणाले, एका फाउंड्रीवाल्याचं. मग न विचारताच सांगितलं की ते माझे वडील.

लहानपणी तुम्ही माल वाजवायचात तेव्हा मी श्वास धरून उभी असायचे. या वेळी तीन आठवडे धरला होता. आता सोडला.

आईच्या पाया पडते, बॅगेबद्दल खास. लोभ असाच राहो आणि बद्द वाजला तरी चालेल.

आपली,
ठिणगी


१९ मे

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. पहिला डबा आज पोचला. झाकणावरची अक्षरं चष्मा न लावता वाचली: वाजवू नका, खेळा.

डबा घेऊन फाउंड्रीत एक फेरी मारली. मोठ्या भट्टीवाल्याने चेंडू हातात घेतला, फिरवला आणि विचारलं की यात आपल्या ठिणगीचं काम नेमकं कुठे दिसतं. मी म्हणालो, दिसत नाही, ऐकूही येत नाही, माझ्याबरोबर ये आणि मार. तो आला नाही, पण चेंडू खिशात गेला. डॉक्टरांना एक दिला. वकिलांनी मागितला नाही, म्हणून त्यांच्या बुटात ठेवला.

एक चेंडू ऑफिसच्या टेबलावर पहिल्या ओतकामाच्या ठोकळ्याशेजारी ठेवला आहे. माझं पहिलं काम आणि तुझं. येणारा प्रत्येक जण चेंडू उचलून ठोकळ्यावर आपटायला जातो आणि मी त्याचा हात धरतो. मी स्वतः तर एकदाही वाजवला नाही.

सुट्टी मिळाली की ये. तळ्यापाशी दोघं उभे राहू आणि तू मार. लोभ पुरून उरेल एवढा आहे, येताना मोठी पिशवी आण.

तुझा,
बाबा

ता. क. ह्यांनी एकदा वाजवला, अगदी हळू, सगळे जेवायला गेले होते तेव्हा. मी जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होते. मग चेंडू कानाशी धरून हे बसले होते, डोळे मिटून. मी हाक मारली नाही. — आई