पंचाहत्तरी, आठ वर्षं आधी

सक्करदरा, नागपूर
१८ डिसेंबर १९६६

रा. रा. नत्थूजी यांस, शाळेच्या एकाच बाकावरून उठलेल्या रुपरावचा मनापासून रामराम.

इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत, आणि या खेपेला 'खुशाल' हा शब्द मी रिवाज म्हणून लिहिलेला नाही, नीट तपासून लिहिला आहे. तुझा गुडघा कसा आहे? बागेतून घरी येताना अजून वाटेत दोनदा बसावं लागतं का? वहिनींचा खोकला अडुळशाच्या काढ्यानं हटला असेल. (हटला नसेल तर काढा त्या घेत नसतील, तूच पीत असशील.) आंबिया बहाराची संत्री उतरली असतील, भाव काय मिळाला ते कळव. तुझी 'धीर धरा' अशी तार मिळाली. तार म्हटल्यावर हिच्या हातातली परात खाली पडली. तिला वाटलं काटोलात कोणी गेलं. नंतर उलगडा झाला की गेलो तो मीच, पक्षातून, सहा वर्षांसाठी. तेव्हा धीर धरण्यासारखं काही घडलेलं नाही हे सांगायला, आणि पेपरात जे आलं त्यात माझं वय सोडून बाकीही बरंच चुकलं आहे म्हणून, हे पत्र.

सुरुवात केली प्रयागबाईनं. तुझ्या पलीकडच्या शिवारात तिची दोन एकर संत्र्याची बाग आहे, तुला माहीतच आहे. जुलैत ती बसनं नागपूरला आली आणि माझ्या ओसरीवर येऊन बसली. फळांच्या वाहतुकीवर नवा कर येणार, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. मी तिला देशाची परिस्थिती समजावून सांगू लागलो. (पंधरा वर्षं खासदार राहिलेल्या माणसाला देशाची परिस्थिती झोपेतही सांगता येते.) तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहून गा साहेब, त्या कायद्याले तिथं नाही म्हणता येत नाही का?" मी म्हटलं, येतं, पण पक्षानं हो म्हणायचं ठरवलं आहे. त्यावर ती म्हणाली, "मंग पक्षालेच निवडून देतो ना आम्ही. तुमी कायले उन्हातान्हात उभे राह्यता?" आणि पदर झटकून चारच्या बसला निघून गेली.

नत्थूजी, तुझ्यापासून काय लपवायचं? तीन वेळा निवडून आलो आणि सभागृहात मोठ्यानं बोललो तेही तीनच वेळा, शपथ घेताना. बाकी वेळ पक्ष म्हणेल तेव्हा 'होय' आणि पक्ष म्हणेल तेव्हा 'नाही'. ऑगस्टात तो कर मताला आला. माझा बेत असा होता की विरोधकांच्या कल्लोळात आपलंही एक 'नाही' हळूच मिसळून द्यायचं. म्हणजे प्रयागबाईलाही सांगता येईल आणि पक्षालाही कळणार नाही. पण विरोधक त्या दिवशी दुसऱ्याच एका गोष्टीवर रागावून पाचच मिनिटं आधी उठून बाहेर गेले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. (मी डोळे मिटून विचार करत होतो. हिचा यावर विश्वास नाही.) 'होय'चा गजर झाला. मग 'नाही म्हणणारे?' असं विचारलं गेलं, आणि त्या एवढ्या मोठ्या दालनात माझं एकट्याचं 'नाही' विहिरीत पडलेल्या बादलीसारखं घुमलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पाहिलं. दचकून मी उभाच राहिलो होतो. मला वाटलं आता खाली बसावं. मग वाटलं, आता बसून तरी काय उपयोग, आणि प्रयागबाईनं सांगितलं होतं ते सगळं मी चार मिनिटांत सांगून टाकलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला सभागृहात भूक लागली.

पक्षानं मला शिव्या दिल्या असतील असं तुला वाटेल. मुळीच नाही. आधी त्यांनी मला दिसेनासं केलं. मी कॉफी प्यायला टेबलाशी गेलो की त्या टेबलावरच्या चौघांनाही एकदम घरी पत्रं लिहायची आठवण व्हायची. मग कारणं दाखवा म्हणून नोटीस आली. मी अकरा पानं कारणं दाखवली. त्यावर दुसरी नोटीस आली की एवढी कारणं दाखवणं ही बेशिस्त आहे. मग एकाएकी सन्मान सुरू झाले. देशातल्या दीपगृहांच्या पाहणी समितीवर माझी नेमणूक झाली. अरे, मी काटोलचा माणूस! समुद्र मी जन्मात दोनदा पाहिला, त्यातल्या एकदा चष्मा घरी राहिला होता. पाठोपाठ 'ज्येष्ठ सल्लागार मंडळा'वर घेतल्याचं पत्र आलं. त्या मंडळाची बैठक पक्षाच्या कचेरीत जुने फलक ठेवतात त्या खोलीत होती. आम्ही पाच सल्लागार. पाचही जण कधी ना कधी 'नाही' म्हणालेले. त्यातले एक जण दोन वर्षांपूर्वीच वारले आहेत, पण गणसंख्येला त्यांना धरतात. सल्ला विचारायला संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. शेवटी आम्हीच एकमेकांना बद्धकोष्ठावर सल्ले दिले आणि कडी लावून घरी गेलो.

आणि मग या महिन्याच्या सुरुवातीला आमचे जिल्हाध्यक्ष मनोहरराव घरी आले. हा मनोहर माझ्याच हाताखाली वाढला. पहिल्या निवडणुकीत माझ्या जीपवरचा भोंगा तोच धरायचा. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "साहेब, तुमची पंचाहत्तरी आहे. धरमपेठेत जंगी सत्कार करून राहिलो आम्ही." मी म्हटलं, अरे, मी सदुसष्ट वर्षांचा. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "पक्षाच्या रजिस्टरात पंचाहत्तर आहे, साहेब. आता तुमाले पक्षापेक्षा जास्त मालूम आहे का?" ही आतून म्हणाली की मग माझं लग्न यांच्याशी झालं की यांच्या थोरल्या भावाशी? मनोहररावांनी चहा न घेताच निरोप घेतला.

मी जायला नको होतं असं तू म्हणशील. पण खरं सांगतो, मला वाटलं पक्षाचा राग निवळला. मी धोतर कडक इस्त्रीचं नेसलो. हिनंही निळं लुगडं काढलं. धरमपेठेतलं ते सभागृह खच्चून भरलेलं, काटोलहूनही दहा-बारा जण आलेले, त्यात प्रयागबाई. (तुझा गुडघा दुखत होता, ते एका परीनं बरंच झालं.) भाषणं सुरू झाली आणि तिसऱ्या भाषणाला माझ्या लक्षात आलं की सगळे जण 'होते' म्हणून राहिले आहेत. साहेब साधे होते, साहेब निर्मळ होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं की कधी वारले? तेव्हा मागून प्रयागबाईचा आवाज आला, "अवो, जित्ता मानूस बसला हाये ना समोर!" लोक हसले, मीही हसलो. पण पुढच्याच क्षणी मनोहररावांनी जाहीर केलं की वयोमानामुळे साहेब निवडणुकीतून निवृत्त होत आहेत आणि त्यांनी आशीर्वादाचा हात माझ्या, म्हणजे मनोहररावांच्या, डोक्यावर ठेवला आहे. टाळ्या. माझ्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चांदीच्या मुठीची काठी, म्हणजे हात ठेवायचा म्हटलं तरी रिकामा नव्हता. 'साहेब आता दोन शब्द बोलतील' म्हणून मला ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं.

नत्थूजी, खोटं कशाला बोलू, तेव्हा मला मोह झाला. आभार मानून खाली बसलो असतो तर दिल्लीचा बंगला नाही तरी एखादं महामंडळ मिळालं असतं, जीप राहिली असती, लोक नमस्कार करत राहिले असते. मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, लुगड्याच्या काठाची दशी काढत होती. चाळीस वर्षांत मला कळलं आहे की असं ती कधी करते: मी लाज वाटण्यासारखं काही करणार असं तिला वाटलं की. मी नारळ आणि काठी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मी कोणाला आशीर्वाद दिलेला नाही. आणि त्या कराला मी नाही म्हणालो, ते पुन्हा…" इथे ध्वनिक्षेपक बंद पडला. मी आवाज चढवला. तेवढ्यात पडद्यामागून राष्ट्रगीताची तबकडी लागली. सगळे ताडकन उभे. मीही गप्प उभा. राष्ट्रगीतात बोलण्याइतका बंडखोर मी नाही. गीत संपलं की कार्यक्रम संपला, असा त्यांचा हिशेब. लोक चपला शोधू लागले. पण काटोलची मंडळी पुन्हा खाली बसली, आणि प्रयागबाई म्हणाली, "वाक्य पुरं करा ना साहेब. आमची बस साडेसातले आहे."

मी वाक्य पुरं केलं. "…ते पुन्हा म्हणावं लागलं, तर पुन्हा म्हणीन." एवढंच. दारापर्यंत गेलेले काही लोक परत फिरले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनोहररावांनीही सवयीनं दोन वाजवल्या आणि मग हात खिशात घातले.

बाहेर आलो तर जीप नव्हती. आम्ही सायकलरिक्षा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पक्षाचं पत्र आलं, सहा वर्षं बाहेर. मी दुःख येण्याची वाट पाहत बसलो. जेवण झालं, आलं नाही. पान खाल्लं, आलं नाही. आली ती झोप. उठलो तर संध्याकाळ झाली होती आणि ओसरीवर फक्त दोन चपलांचे जोड होते, एक माझा आणि एक हिचा. पंधरा वर्षांत हे दृश्य मी पाहिलेलं नाही. चहा गरम असताना प्यायलो. जीभ भाजली, इतकी सवय मोडली आहे. आता वरणभात खाताना कोणाच्या मेहुण्याची बदली मध्ये येत नाही. सकाळी तलावाला चक्कर मारतो, आणि वाटेत कोणी नमस्कार केला तर तो मलाच असतो. काय हलकं वाटतं म्हणून सांगू! कावड उतरवून ठेवल्यासारखं.

परवा मनोहरराव पुन्हा आले. निवडणूक तोंडावर आहे म्हणून त्या कराची अंमलबजावणी थांबवली आहे, आणि 'आमच्याच खासदाराने आवाज उठवला' अशी पत्रकं छापायचा पक्षाचा विचार आहे. तेव्हा मी दोन ओळींची दिलगिरी लिहून द्यावी आणि परत यावं. कर थांबला हे ऐकून मी त्याला पोटभर चिवडा दिला. दिलगिरी दिली नाही. जाताना तो जरा रेंगाळला आणि म्हणाला, "साहेब, तुमी झोपता कसे? मले तर तिकीट मिळाल्यापासून डोळा लागून नाही राहिला." मला त्याची मनापासून कीव आली. शेवटी आशीर्वादाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, पण झोपेसाठी, तिकिटासाठी नाही.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापा. प्रयागबाई भेटली तर सांग की वाक्य पुरं झालं.

तुझा,
रुपराव

ता. क. – रविवारी पक्षाचे आणखी मोठे लोक समजूत काढायला येणार असं कळतं. एकाला नाही म्हणता येतं, चौघांपुढे माझा भरवसा मला नाही. तेव्हा शनिवारी सकाळच्या बसनं तुझ्याकडे येतो. आठ दिवस बागेतल्या खोलीत खाट टाकून ठेव. कोणाला कळू देऊ नकोस.

ता. क. २ – कळू देऊ नकोस म्हटलं तरी स्टँडवर पाच-पन्नास लोक आपणहून जमले तर त्यांना हाकलूही नकोस. हार मात्र नकोत. (घालायचेच असले तर झेंडूचे नकोत, मला शिंका येतात.)

नत्थूभाऊजींना इंदूबाईचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून वाचलं. स्टँडवर कोणालाही जमवू नका. यांनी लिहिलं ते बहुतेक खरं आहे, फक्त रिक्षात बसल्यावर मेडिकलच्या चौकापर्यंत हे रडत होते आणि तिथून पुढे घरापर्यंत हसत होते, तेवढं लिहायचं राहिलं. यांना उतरवून घ्यायला तुम्ही एकटेच या. हे बसमधून उतरल्यावर खासदारसाहेब म्हणू नका, शाळेतल्यासारखी नावानं हाक मारा. यांचं नाव मी कधी घेतलं नाही आणि पक्ष आता घेत नाही. तेव्हा तुम्हीच जरा मोठ्यानं घ्या.