सातांतलं एक मत

सर,

परवा महापालिकेचं मतदान झालं. आता एका प्रभागात चार जागा, म्हणून चारदा बटण दाबायचं. तीन बटणं पक्षाची, सवयीने दाबली. चौथ्या जागेला एक शिक्षिका अपक्ष उभी होती. तिथे अडलो. "काका, आटपा ना, मागे लाइन लागलीय," असं अधिकारी बाई म्हणाल्या तेव्हा कुठे तिचं बटण दाबलं. तुमची फार आठवण आली.

तुम्ही अपक्ष उभे राहिलात तेव्हा निम्मी डोंबिवली तुमच्या हाताखालून गेलेली. ज्या दारात जाऊ तिथे लोक पाया पडायचे, "सर, मत तुम्हालाच." मला तुम्ही पोलिंग एजंट केलंत. "सर, आलात निवडून म्हणून समजा," म्हणालो तर चिडलात. "समजू नकोस. आधी मतदारयादी नीट वाच."

मतदानाच्या सकाळी वडील चपला घालता घालता म्हणतात, "सर देवमाणूस आहेत रे. पण घरातली मतं बाहेर जायची नाहीत." पक्षाचा उमेदवार काय लायकीचा आहे, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. "माणसं येतात-जातात, पक्ष आपला आहे." मला रागच आला. तुमची कपबशी खालून दुसरी, मला पाठ होती. तरी यंत्रापुढे बोट गेलं ते लहानपणापासून घराच्या भिंतीवर पाहिलेल्या निशाणीवर. कुणी जबरदस्ती केली नव्हती, सर. मग दिवसभर मी तुमचा माणूस म्हणून बूथवर बसलो.

आमच्या बूथवर तुम्हाला सात मतं पडली. निकालाच्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही हसलात, "एवढे पाया पडले, बोटं कुठे गेली कोण जाणे!" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "सातांतलं एक कुणाचं, ते मला माहीत आहे."

निवडून आलेल्या पक्षाच्या उमेदवाराने पुढे दोनदा पक्ष बदलला. वडिलांनी मरेपर्यंत निशाणी बदलली नाही. त्यांना मी हसत नाही, त्यांची निष्ठा खरी होती. माझी ना धड तुमच्यावर, ना पक्षावर. याची आजही लाज वाटते.

इथवर लिहून काल कळव्याला गेलो. तुमच्या मागे काकू आता लेकीकडे असतात. त्यांना तरी हे वाचून दाखवावं म्हटलं. चहा ओतता ओतता त्याच म्हणाल्या, "जाईपर्यंत सांगायचे हे, एक मुलगा तरी मला खरा मिळाला."

मी "हो" म्हणालो, सर.