हद्दीबाहेरचा गोबरा

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
सागरी संरक्षित क्षेत्र कक्ष,
वरळी, मुंबई.

विषय : कै. आनंदा मेथर यांना गावलेला गोबरा मासा संरक्षित हद्दीच्या आतला की बाहेरचा, हे लेखी कळविण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, 'आरोपी मयत झाल्याने प्रकरण बंद'.

महोदय,

अर्जदार श्रीमती कालिंदी धुरी, राहणार करी रोड, यांच्या सांगण्यावरून हा अर्ज त्यांचे शेजारी शामराव कासारे, निवृत्त लिपिक, लिहून देत आहेत. बाईंना लिहिता येते. पण या विषयावर लिहायला बसल्या की त्यांचा हात चालत नाही.

१. कै. आनंदा हा अर्जदारांचा धाकटा भाऊ, खडपेवाडीचा मासेमार. गावासमोरच्या प्रवाळाच्या खडपावर मासेमारी बंद करायचे ठरले तेव्हा गाव खवळले होते. सभेला आलेल्या आपल्या साहेबांना कोणी पाणी विचारीना. एकटा आनंदा उभा राहिला. आतले मासे वाढले की बाहेर येतील आणि बाहेरचे तुमचेच, हे साहेबांचे वाक्य त्याला पटले होते. त्याने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, की मासे आपणहून बाहेर येईपर्यंत खडपावर कोणी गरी टाकणार नाही. गाव "व्हय म्हाराजा" म्हणाले. गावाने असा होकार दिला नाही तर गाऱ्हाणे देवापर्यंत पोचत नाही, अशी त्या बाजूची रीत आहे. लिहिणारा स्वतः देव मानत नाही, परंतु दिलेला शब्द मानतो.

२. पुढची वर्षे वाईट गेली. कितीकांनी होड्या विकल्या आणि मुंबईला येऊन टॉवरच्या दारांवर रखवाली धरली. प्रत्येक जण निघताना आनंदाच्या नावाने बोटे मोडून निघाला. तो मात्र आपल्या खात्याने हद्दीवर तरंगत सोडलेल्या पिवळ्या बोयांच्या बाहेर गरी टाकून बसे आणि हात हलवत परत येई. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गरीला गोबरा लागला, मांडीएवढा जाड. त्याने तो विकायला नेला नाही. साहेब खरे बोलले होते हे गावाला दाखवायला खांद्यावर टाकून वाडीतून मिरवत निघाला, आणि तिथेच आपल्या कर्मचाऱ्यांनी त्याला धरले. पंचनाम्यात कारण लिहिले : 'एवढा मोठा मासा हद्दीबाहेर मिळत नाही, सबब तो आतलाच.' माशासकट त्याचा फोटो काढला, होडीही जप्त झाली.

३. आनंदाने पुन्हा देवळात नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, मासो बोयांच्या भायर गावलो. खोटा सांगत आसलंय तर माजा वाटोळा कर." पूर्ण गाव उभे होते. कोणी "व्हय" म्हटले नाही. आम्हाला उपाशी ठेवून हा आत चोरून मारत होता, असेच सगळ्यांना वाटले.

४. त्यानंतर तो करी रोडला बहिणीकडे येऊन राहिला. ताटातला मासा बाजूला सारायचा. बहिणीने एकदा वरळीच्या समुद्रावर नेले, तर पाण्याकडे पाठ करून बसला. चैत्रात झोपेतच गेला. दाखल्यावर हृदयविकार लिहिले आहे. बाई म्हणतात, "त्येका गावान मारल्यान." गावाने एकट्याने मारले असे लिहिणाऱ्यास वाटत नाही, आणि हे लिहिताना त्यास कोणाचीही भीड वाटत नाही.

५. आपले पत्र घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आल्या असता जिन्याजवळ एक मोठे भिंतपत्रक लावलेले दिसले. त्यावर गोबरा आहे आणि खाली छापले आहे : 'संरक्षणाचे यश. मोठे मासे आता हद्दीबाहेरही मिळू लागले.' मासा धरणाऱ्याचा चेहरा कापला आहे, हात राहिला आहे. तर्जनी अर्धी आहे. ती इंजिनाच्या पट्ट्यात गेली, तेव्हा चिंधी बाईंनीच बांधली होती. "हो हात माज्या भावाचो," असे त्या शिपायाला सांगत राहिल्या. शिपाई म्हणाला, "मावशी, फोटोला हात लावू नका."

६. म्हणजे भिंतीवर तो मासा बाहेरचा आणि पंचनाम्यात आतला. माणूस मेल्यामुळे आता ठरवण्यासारखे काही उरले नाही, असे आपण कळविता. उरले आहे. नारळी पौर्णिमेला गाव गाऱ्हाणे घालते, त्यात वर्षभरात गेलेल्यांची नावे घेतात. आनंदाचे नाव घ्यायला गाव तयार नाही.

सबब विनंती, की मासा बाहेरचा होता असे लिहून द्यावे. ते जमत नसल्यास मासा आतलाच होता असे भिंतपत्रकावर त्याच ठळक अक्षरांत छापावे. तेही जमत नसल्यास त्यातला हात कापून अर्जदारांना द्यावा. अंत्यविधीनंतर गावाकडे नेण्यासारखे त्यांच्यापाशी दुसरे काही नाही.

भरपाई नको, होडीही नको. या अर्जावर 'होय' एवढाच शेरा पुरे. तो देवळात वाचून दाखवायला अर्जदार स्वतः जातील.

आपली नम्र, आणि उत्तर मिळेपर्यंत येत राहणारी,
(सही) कालिंदी धुरी
दिनांक : ११ जुलै

सोबत :
पंचनाम्याची प्रत.
मृत्यूचा दाखला.
भिंतपत्रकाचे छायाचित्र.
अर्जदारांच्या लग्नातला फोटो, त्यात आनंदाचा उजवा हात.
नारळ एक. आत आणू दिला नाही म्हणून आपल्या दारावरच्या रखवालदाराकडे ठेवला आहे. तो खडपेवाडीचाच आहे. कोणाच्या नावाचा म्हणून त्याने विचारले, आनंदाचे नाव सांगितल्यावर मान खाली घातली, पण नारळ ठेवून घेतला.