ओढ्याला पाणी हाय न्हवं?

आबा,

काल तुमच्या नातीनं परदेशातून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा ती गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभी होती. ट्राउट नावाचा मासा धरायला शिकलीय. म्हणाली, "आई, डोंगरावरच्या झऱ्यात इथला मूळचा ट्राउट असतो, वीतभर. त्याच्यासाठी कुणाला पाणी सोडावं लागत नाही. हा खालचा चांगला मोठा, पण धरणाच्या तळातून गार पाणी सोडतात म्हणून जगतो. सोडायचं थांबवलं तर उन्हाळ्यात मरेल." मी हं हं करत होते, पण मन कधीच तुमच्या ओढ्यावर जाऊन बसलं होतं.

माझ्या लहानपणची मे महिन्याची सुट्टी. शिवाजी पेठेतलं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून तुम्ही मला राधानगरीच्या एस.टी.त बसवता, आणि धरण मागे टाकून आपण वरच्या रानातल्या ओढ्यावर चालत जातो. गळ टाकायच्या आधी तुमचा एक नेम. मनगट पाण्यात घालून वीस आकडे मोजायचे. पंक्चर शोधताना ट्यूब पाण्यात बुडवून तुम्ही जसे गप्प व्हायचा, तसेच गप्प. विसाच्या आत हाड गार पडलं तर गळ टाकायचा. नाहीतर पाणी तापलंय, माशांना आधीच त्रास आहे म्हणून डबा खाऊन परत फिरायचं. मी बांगड्या वर सारून मोजते. जांभळीच्या सावलीत पाणी दिसतच नाही, नुसते खडे हलल्यासारखे वाटतात, आणि बोटभर मासे एकाच जागी पोहत राहतात. मोजता मोजता मला झोप यायची.

बारा वर्षांची असताना शेजाऱ्यांबरोबर धरणाखाली गेले आणि हातभर कटला धरून आणला. सगळी गल्ली बघायला आली. तुम्ही चाक फिरवत, मान वर न करता म्हणालात, "मासा झ्याक हाय. पर त्यो नदीचा न्हाय, धरणाच्या चावीचा हाय. चावी बंद झाली की त्यो बी बंद." आणि जेवायला खर्डा-भाकरी खाल्लीत. मी वर्षभर ओढ्यावर आले नाही. तो राग अजून थोडा आहे. पोरीच्या पहिल्या माशाचा एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?

तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणावरून म्हणालात, "ओढ्याचं मासं खावं वाटालंय." मी गेले. ओढ्यात मनगट बुडवायला पाणी नव्हतं. खडे तापले होते, जांभळीखाली वाळक्या पानांचा थर. मग धरणाखाली उतरले. धरणातून शेतीसाठी पाणी सोडलेलं होतं. सवयीनं मनगट घातलं, आणि आबा, अकराव्या आकड्यालाच हाड गार पडलं. तिथलेच बोटभर मासे धरले. एक मोठा लागला, तो सोडून दिला. तो तुम्ही लगेच ओळखला असता.

ओढ्याचं म्हणून वाढलेलं कालवण तुम्ही भुरकलंत, बोटं चाटलीत. "ह्येला म्हंत्यात मासा." मनात म्हटलं, जिरली की नाही? मग डोळे मिटून तुम्ही विचारलंत, "ओढ्याला पाणी हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणाले.

हा कागद तुमच्या गळांच्या डब्यात ठेवते. माशाबद्दल खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. पाण्याबद्दल बोलले, त्याचं वाटतं. दर मे महिन्यात मी ओढ्यावर जाऊन येते, माझं बोलणं खरं झालं असेल म्हणून. अजून झालेलं नाही.